नॉर्मंटनचं चर्च आणि त्याचं गाव

इंग्लंडात राहत असाल तर हा फोटो बहुधा तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. सगळीकडे पाणी, मधोमध फिकट दगडाचं, अर्धं पाण्यात गेल्यासारखं दिसणारं चर्च, आणि मागे मावळतीचं आभाळ. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, 'धरणात बुडालेल्या गावाचं शेवटचं चर्च'. आमच्या काही श्रोत्यांनीही हा फोटो पाठवून विचारलं होतं, की हे गाव कोणतं आणि तिथली माणसं कुठे गेली? प्रश्न अगदी बरोबर आहे. फक्त फोटोखालची ती ओळ चुकीची आहे. ती का चुकली, हे शोधायला गेलं की आपण थेट ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात जाऊन उभे राहतो. म्हणून हा लेख.

हे चर्च आहे नॉर्मंटनचं, रटलंड या इंग्लंडातल्या सगळ्यात लहान परगण्यांपैकी एका परगण्यात. लेस्टरहून गाडीने निघालात तर साधारण पाऊण तास लागतो. समोरचा जलाशय म्हणजे रटलंड वॉटर. 1970 साली पार्लमेंटने कायदा केला, 1971 ते 1975 या काळात ग्वॉश नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात एम्पिंगहॅमजवळ मातीचं धरण बांधलं, आणि पुढच्या काही वर्षांत ते खोरं भरत गेलं. ग्वॉशच्या पाण्यावर एवढं धरण भरणं शक्यच नव्हतं. त्यामुळे वेलंड आणि नेन या दोन मोठ्या नद्यांचं पाणी पंपाने उचलून इथे आणतात. पीटरबरो, नॉर्थॅम्प्टन ही वाढती शहरं पाणी मागत होती, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. पाण्याखाली 3,000 एकरांच्या आसपास जमीन गेली. क्षेत्रफळाने हा इंग्लंडातल्या सगळ्यात मोठ्या जलाशयांपैकी एक आहे.

मी गेले तो शनिवार होता. काठावर सायकलवाले, कुत्री, आणि पराठ्यांचे डबे उघडून बसलेली निदान चार देशी कुटुंबं. चर्चपर्यंत जायला दगडमातीचा बांध घातलेला आहे, त्यावरून चालत जाता येतं. जवळ गेलं की पहिली गोष्ट लक्षात येते, ती ही की चर्च पाण्यात नाहीच. त्याच्याभोवती दगडांचा भराव आहे, पाणी त्या भरावाला लागून आहे. एका विशिष्ट कोनातून फोटो काढला तरच ते तरंगल्यासारखं दिसतं. दुसरी गोष्ट, चर्चचा खालचा भाग कुठे दिसत नाही. धरण भरल्यावर पाणी मूळ फरशीच्या वर येणार होतं. म्हणून इमारतीचा खालचा निम्मा भाग दगडमाती आणि काँक्रीटने भरून टाकला आणि खिडक्यांच्या थोडं खाली नवीन फरशी केली. 1970 साली इथली उपासना अधिकृतपणे बंद झाली होती आणि इमारत पाडायचं ठरलं होतं. काही लोकांनी ट्रस्ट काढला, पैसे उभे केले आणि ती वाचवली. पुढे तिथे संग्रहालय होतं, लग्नंही व्हायला लागली.

आता ते गाव. नॉर्मंटन गाव धरणात बुडालं नाही. धरणाचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता, तेव्हा, दोनेकशे वर्षं आधीच, ते उठवलं गेलं होतं.

अठराव्या शतकात इंग्लंडातल्या बड्या जमीनदारांना वाड्याभोवती मोठं, मोकळं, हिरवं पार्क हवं असे. खिडकीतून हरणं, झाडं, जमल्यास एखादं तळं दिसावं. मध्ये गाव आलं तर? तर गाव हलवायचं. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनने एक अख्खं बाजाराचं गाव पाडून लोकांना दूर नव्या घरांत नेऊन बसवलं. तेच आजचं पोस्टकार्डावर छापलं जाणारं मिल्टन ॲबस. नॉर्मंटनला हेच हीथकोट घराण्याने केलं. पार्क वाढवायला गाव मोकळं केलं आणि लोकांना शेजारच्या एम्पिंगहॅमला पाठवलं. चर्च मात्र ठेवलं. पार्कात एखादं चर्च शोभून दिसतं, शिवाय घराण्यातली माणसं पुरायलाही जागा लागते. आज दिसतो तो डौलदार मनोरा आणि पुढची खांबांची देवडी 1820 च्या दशकात टॉमस कंडी या वास्तुशिल्पकाराने बांधली, लंडनमधल्या सेंट जॉन्स, स्मिथ स्क्वेअर या चर्चचा नमुना समोर ठेवून. मागचा भाग तर 1911 चा आहे. म्हणजे फोटोत आपण जे पाहून हळहळतो, ते गावकऱ्यांचं चर्च नव्हेच. गाव गेल्यानंतर मालकाने आपल्या बागेत बांधलेली ती इमारत आहे.

आणि हा मालक कोण? नॉर्मंटनची जहागीर 1729 साली विकत घेतली सर गिल्बर्ट हीथकोटने. हा लंडनचा व्यापारी. स्पेनची दारू, जमैकाचा व्यापार, सावकारी, सगळ्यात हात. 1694 साली बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली तेव्हा पहिल्या संचालकांत तो होता, पुढे दोनदा तिचा गव्हर्नर झाला, आणि 1710-11 मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तेव्हा पूर्वेकडच्या व्यापाराची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीकडे होती, आणि हीथकोट त्या मक्तेदारीचा कट्टर विरोधक होता. 1693 मध्ये त्याचा आणि त्याच्या भागीदारांचा रेडब्रिज नावाचा जहाजाचा प्रवास कंपनीने अडवला. प्रकरण हाउस ऑफ कॉमन्समध्ये गेलं. पार्लमेंटचा कायदा अडवत नाही तोवर आपण हिंदुस्थानाशी व्यापार करत राहणार, असं त्याने तिथे ठणकावलं. 1694 मध्ये सभागृहाने ठराव केला, की पार्लमेंटने मनाई केली नसेल तर पूर्वेशी व्यापार करायचा हक्क सगळ्या इंग्रजांना सारखाच आहे. यातूनच 1698 मध्ये सरकारला 20 लाख पौंडांचं कर्ज देऊन दुसरी, 'नवी' ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. तिच्या म्होरक्यांत हीथकोट होता.

1698 म्हणजे जिंजी मुघलांच्या हाती पडली ते वर्ष. दोनच वर्षांनी राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाईंनी सूत्रं हातात घेतली. आपल्या शाळेच्या पुस्तकात या काळात इंग्रज फारसे दिसत नाहीत. पण लंडनमधल्या त्या भांडणाचे पडसाद आपल्या किनाऱ्यावर उमटत होते. सुरतेला नव्या कंपनीचा निकोलस वेट आणि मुंबईहून कारभार पाहणारा जुन्या कंपनीचा जॉन गेयर, दोघंही इंग्रज, दोघंही 'सर', आणि दोघंही एकमेकांच्या मुळावर उठलेले. वेटने मुघल अधिकाऱ्यांचे कान भरले आणि गेयर सुरतेत कैदेत पडला. शेवटी 1709 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. पुढे प्लासी जिंकणारी आणि 1818 मध्ये पेशवाई बुडवणारी कंपनी ती हीच, एकत्र झालेली.

इथे एक सावधगिरी. 'नॉर्मंटनचं पार्क हिंदुस्थानच्या लुटीतून झालं' असं वाक्य फिरवायला सोपं आहे. मी ते लिहिणार नाही. हीथकोटचा पैसा अनेक ठिकाणचा होता, जमैकाच्या गुलामगिरीवर चाललेल्या व्यापाराशीही तो जोडलेला होता. त्यातला कुठला पौंड कुठून आला हे वेगळं काढता येत नाही. शिवाय 1733 साली, बॅरोनेट झाल्या झाल्याच, तो वारला. गाव मोकळं करून पार्क वाढवणं हे त्याच्या वारसांचं काम. एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं, की ज्या पैशाच्या आणि सत्तेच्या जोरावर एका घराण्याने आपल्याच देशातलं एक गाव नकाशावरून पुसलं, तो पैसा आणि ती सत्ता जगभरच्या व्यापारातून आली होती, आणि त्यात आपल्याकडचा व्यापारही होता.

मग 1970 च्या दशकात धरणाने काय बुडवलं? नेदर हॅम्बल्टन. टेकडीच्या पायथ्याची एक छोटी वाडी. ती पूर्ण गेली. मिडल हॅम्बल्टनही जवळजवळ सगळं गेलं. वरचं हॅम्बल्टन टेकडीवर असल्याने वाचलं, आता ते पाण्यात घुसलेल्या द्वीपकल्पावर आहे. पाणी येण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी एम्पिंगहॅमच्या बाजूला खोदकाम केलं, अँग्लो-सॅक्सन काळातली शंभराहून अधिक दफनं नोंदवली. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची दखल घेतली गेली, मालकाचं चर्च वाचलं, आणि नेदर हॅम्बल्टनची घरं पाडली. तिचा फोटो तुमच्या फोनवर कधी आलाय?

चर्च बघून झाल्यावर आम्ही पाण्याकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसलो. हीथकोटांचा वाडा 1925 साली पाडला गेला. त्याच्या तबेल्याची इमारत तेवढी उरली, तिचंच पुढे हॉटेल झालं. आमच्या टेबलावरून मनोरा दिसत होता. मासे आणि चिप्स घेऊन आलेल्या मुलाने आपणहून सांगितलं, 'खाली अख्खं गाव आहे, वारा नसला की घंटा ऐकू येते.' त्याचा दोष नाही, त्याला तेच सांगितलं गेलंय. बुडालेल्या गावाची घंटा जगात जिथे धरण आहे तिथे ऐकू येते. मी मान डोलावली आणि मासे खाल्ले. पण डोक्यात दुसराच जलाशय होता.

पुणे–सोलापूर रस्त्याने गेला असाल तर भिगवणला मासे खायला थांबला असाल. तिथलं पाणी उजनीचं. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, म्हणजे रटलंड वॉटरच्याच पिढीतलं. त्याच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव गेलं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की पळसनाथाच्या हेमाडपंती देवळाचं शिखर वर येतं, होड्या निघतात, ड्रोन उडतात, आणि फोटोखाली पुन्हा तीच ओळ येते. माझं आजोळ त्याच भागातलं. लहानपणी हायवेवरच्या हॉटेलात आम्ही चिलापीवर ताव मारायचो, तेव्हा आजी पाण्याकडे पाठ करून बसायची. एकदा मामाने देऊळ दिसतंय म्हणून तिला मुद्दाम उठवून दाखवलं. ती म्हणाली, "द्येव काय, त्यो हलवला की वर. आमचा मळा कुठं हलवला?"

त्या वेळी मला वाटलं होतं, आजी कुरकुर करतेय. नॉर्मंटनच्या काठावर बसून कळलं, की एवढ्या वर्षांच्या अभ्यासानंतर मी जे सांगायचा प्रयत्न करतेय ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं. पाण्यात उभं राहिलेलं शिखर किंवा मनोरा बघून आपल्याला वाटतं, की गेलेलं गाव आपण पाहिलं. खरं तर आपण जे वाचलं ते पाहिलेलं असतं. दगडाचं टिकतं, मालकाचं टिकतं. मळा, विहीर, मातीचं घर यातलं काही वर येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वेल्समध्ये, इटलीत किंवा गोव्यात असं एखादं ओसाड चर्च नाहीतर देऊळ बघायला गेलात, तर फोटो जरूर काढा. मीही काढलाय. पण तीन गोष्टी शोधा. माणसं नक्की केव्हा गेली, पाण्यामुळे की त्याआधी? ही इमारत कुणी बांधली? आणि ती वाचवायला पैसे कुणी दिले, कुणाच्या वस्तूंसाठी दिले नाहीत? इंग्लंडात पॅरिशची बाप्तिस्मा-दफनाची रजिस्टरं आणि जुने नकाशे यासाठी फार उपयोगी पडतात, आणि ते बघायला संशोधक असावं लागत नाही.

आपल्याकडे मात्र कागदाच्या आधी माणसं आहेत. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी कोयना, उजनी, जायकवाडी किंवा साळावलीत जमीन गेलेलं कुणीतरी असेल. 1970 च्या सुमाराला जी विशीत होती ती आता सत्तरी ओलांडून गेलीत. रविवारी व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा त्यांना देवळाचं विचारू नका, विहिरींची नावं विचारा. बांधाला बांध कुणाचा होता, बाजाराला कुठल्या वाटेने जायचे, ते विचारा, आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

माझ्याकडे आजीचं असं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. त्यात तीन विहिरींची नावं आहेत. चौथीचं नाव तिला आठवत नव्हतं. ती म्हणाली, उद्या सांगते. तो उद्या आलाच नाही.