धरती के लाल

धरती के लाल : बंगालच्या 1943 च्या दुष्काळावरचा हिंदी चित्रपट (1946). दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास. निर्मिती इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा. ही नाट्यसंस्था 25 मे 1943 रोजी मुंबईत स्थापन झाली. बॉम्बे टॉकीजसाठी अब्बास यांनी ‘नया संसार’ची (1941) कथा लिहिली होती; दिग्दर्शनात मात्र त्यांचा हा पहिलाच चित्रपट.

या दुष्काळाला नुसता पाऊसपाण्याचा दुष्काळ म्हणणे अन्यायाचे आहे. मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ येणे थांबले. शत्रू किनाऱ्यावर उतरलाच तर त्याला काही मिळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने किनारी जिल्ह्यांतला तांदूळ उचलला आणि दहाहून अधिक माणसे वाहणाऱ्या नावा काढून घेतल्या. नाव गेली तिथे मासेमारी गेली, बाजारहाट गेला. ऑक्टोबर 1942 मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाचा तडाखा बसला. पुढे साठेबाजी आणि भाववाढीने उरलेसुरले संपवले. चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे 15 लाख धरली; नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज 30 लाखांपर्यंत जातात. यांतल्या बहुतेकांनी शत्रूचा सैनिक कधी पाहिलाही नव्हता. तरीही हे युद्धाचेच बळी, आणि त्यांना पडद्यावर आणणारा हा पहिल्या काही चित्रपटांपैकी एक.

कथेला बिजन भट्टाचार्य यांची ‘नबान्न’ व ‘जबानबंदी’ ही नाटके आणि कृष्ण चंदर यांची ‘अन्नदाता’ ही कथा यांचा आधार आहे. जमीन गमावलेले एक शेतकरी कुटुंब पोटासाठी कलकत्त्याला येते आणि फुटपाथवर विखुरते. धाकट्या सुनेला शरीरविक्रय करावा लागतो. म्हातारा मरता मरता सगळ्यांना गावी परतायला सांगतो. परतलेले शेतकरी एकत्र येऊन सामुदायिक शेती करतात. धाकटा मुलगा आणि त्याची बायको मात्र त्या आनंदाबाहेर राहतात. सामुदायिक शेतीचा शेवट प्रचारकी वाटतो हे खरे, पण त्यातून वगळलेले हे जोडपे चित्रपटाला प्रचारापलीकडे नेते. शंभू मित्र, तृप्ती मित्र, बलराज साहनी आणि दमयंती साहनी यांच्या प्रमुख भूमिका असून संगीत रविशंकर यांचे आहे.

मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे ते धुळ्याचे नाव. बाह्यचित्रणासाठी बंगाल नव्हे, खानदेश निवडला गेला आणि धुळे भागातल्या किसान सभेचे शेतकरी त्यात उतरले. बंगालचे भुकेले म्हणून पडद्यावर चालणारी गर्दी अशी खानदेशी आहे. सावकारी आणि गाव सोडण्याची पाळी या माणसांना कुणी शिकवावी लागली नव्हती. गर्दीच्या दृश्यांतला सच्चेपणा मला तिथूनच आलेला वाटतो. बंगालच्या भुकेची हाक महाराष्ट्रात आधीच पोचली होती. शाहीर अण्णाभाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला होता.

याच सुमारास जपानी चित्रपटही युद्धातून वाचलेल्या सामान्यांकडे वळत होता. कुरोसावांच्या ‘सुबाराशिकी निचियोबी’त (1947) एक तरुण जोडपे 35 येनांत टोकियोतला रविवार काढते, तर ओझूंच्या ‘नागाया शिंशिरोकु’त (1947) एक विधवा रस्त्यावर सापडलेल्या मुलाला नाइलाजाने घरात घेते. त्या दिग्दर्शकांच्या डोळ्यांसमोर त्यांचेच उद्ध्वस्त शहर होते. अब्बास यांनी दूरच्या प्रांताचे दुःख मुंबईत बसून आपले मानले. कुरोसावा-ओझूंची संयत नजर त्यांच्याकडे नाही, संताप आहे.

‘धरती के लाल’ 1949 मध्ये सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला. बलराज साहनी ‘दो बिघा जमीन’मध्ये (1953) पुन्हा एकदा कलकत्त्यात आलेला शेतकरी झाले; आणि बंगालच्या त्याच दुष्काळाकडे सत्यजित राय ‘अशनि संकेत’मधून (1973) व मृणाल सेन ‘आकालेर संधाने’तून (1980) परतले.