कोळीगीतांची कॅसेट

१९०८ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि पुढे कित्येक दशके तबकडी म्हणजे त्याच कंपनीची एचएमव्ही हेच समीकरण राहिले. शांता शेळके-हृदयनाथ मंगेशकर यांचे ‘मी डोलकर’ याच व्यवस्थेतून घरोघरी गेले. वस्तीतल्या गायकाला मात्र या कंपनीचे दार अवघडच होते. अमेरिकेत १९४७ मध्ये निघालेल्या अटलांटिकसारख्या स्वतंत्र कंपन्यांनी बड्यांनी डावललेल्या कृष्णवर्णीयांचे रिदम अँड ब्लूज विकले. इकडे ते काम १९८० च्या दशकात कॅसेटने केले. भांडवल थोडे लागे, म्हणून टी-सीरिज, व्हीनस आणि असंख्य छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. भीमगीते, कोळी-आगरी गाणी निघाली, वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ या कोळी गानवृंदाचा आवाज दूरवर पोचला. काशीद-मुरूडच्या किनारपट्टीवर हळदीच्या मांडवात कॅसेट वाजू लागली.