सन १८६२ चा रुपया

वऱ्हाडांतील जुन्या घरांतून आजही एखाद्या पेटीच्या तळाशीं व्हिक्टोरिया राणीचा रुपया निघतो. त्यावर पुष्कळदां सन १८६२ असतो, आणि घरांतील मंडळी तो रुपया त्याच वर्षीं पाडलेला आहे असें धरून चालतात. ही समजूत बहुधा चुकीची ठरते. १८६२ सालीं घातलेला तो आंकडा टांकसाळींनीं १८७४ मध्यें सन बदलेपर्यंत तसाच ठेवला होता.

सन असा गोठविण्याची रीत जुनी आहे. मोगली रुपयावर बादशहाचें राज्यवर्ष असे. सन जुना दिसला कीं सराफ बट्टा कापी, मग नाणें झिजलेलें असो वा नसो. म्हणून कंपनीनें १७९३ मध्यें बंगालच्या शिक्क्यावर शहा आलमचें १९ वें राज्यवर्ष कायमचें ठरवून टाकलें. १८४० च्या रुपयावरही तोच एक सन १८६२ पर्यंत चालला. सराफाची युक्ति यामुळें थांबली. इतिहास लिहिणाराची पंचाईत मात्र झाली.

ही पंचाईत बुलढाणा जिल्ह्याला विशेष जाणवणारी आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखालीं आलें. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि खामगांव-मलकापूरच्या कापसाला कधीं नव्हे तो भाव आला. त्या मोबदल्यांत मुंबईहून वऱ्हाडांत चांदीचा ओघ लागला. मलकापुरावरून जाणारी आगगाडी १८६७ पर्यंत नागपुरास पोहोंचली, आणि १८७० च्या मार्च महिन्यांत लॉर्ड मेयो यांनीं जलंब-खामगांव फांटा उघडला. आतां एखाद्या शेतांत नांगराला रुपयांचें गाडगें लागलें आणि सारे रुपये १८६२ चे निघाले, तर ती ठेव युद्धाच्या तेजींतली कीं नंतरच्या मंदींतली? सन पाहून याचें उत्तर मिळत नाहीं.

तें उत्तर ठशांत आहे. रुपया पाडण्याचा पोलादी ठसा दाबानें झिजतो, तडकतो. मूळ ठशावरून पुनः पुनः नवे ठसे काढावे लागतात. मुंबईच्या टांकसाळीनें असे नवे ठसे करतांना वर्ष ओळखण्यासाठीं सनाच्या खालीं, आणि कांहीं ठशांवर वरच्या बाजूसही, बारीक ठिपके घातले. कलकत्त्याच्या रुपयांवर हे ठिपके नाहींत. यांखेरीज राणीच्या वस्त्रावरील नक्षीचे पट्टे आणि मागील बाजूच्या वरच्या फुलाची ठेवण ठशागणिक बदलते. १८४० च्या रुपयांत फरक याहून ढोबळ आहे. एका प्रकारांत राणीचें नांव मस्तकाभोंवतीं सलग फिरतें, तर दुसऱ्यांत तें मस्तकाच्या दोन बाजूंस विभागलेलें असतें. वेलींतील फळेंही मोजावीं लागतात. फळें मोजण्यांत कित्येक संग्राहक इतके रमतात कीं तो रुपया कोणत्या गांवीं, कशासोबत सांपडला हें विचारण्याचेंच विसरतात.

नवशिक्याची फसगत ठिपक्यांपाशीं होते. ठिपका ठशांत खोल कोरलेला असल्यामुळें नाण्यावर तो उंच उठतो, आणि त्या ठशाच्या प्रत्येक रुपयावर नेमक्या त्याच जागीं येतो. सराफानें पारखण्यासाठीं मारलेला टोंचा मात्र खोलगट असतो. माळेंत ओंवण्यासाठीं रुपयाला कडी जोडलेली असेल, तर ती काढल्यावर डाखाचा खडबडीत डाग उरतो. तोही ठशाचा नव्हे. तडकलेल्या ठशाची रेघ नाण्यावर उंच येते खरी, पण ती कारागिरानें मुद्दाम केलेली खूण नव्हे. दोन रुपये शेजारीं ठेवून, तिरप्या उजेडांत, भिंगानें पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. चिंचेनें वा राखेनें रुपया घासणें तर पूर्णपणें वर्ज्य मानावें. चकाकी येते आणि ठिपके जातात.

रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी. त्यामुळें सोनाराच्या तराजूंत तो वजन म्हणून बसे आणि मुशींत धातु म्हणून जाई. १ एप्रिल १९४१ पासून व्हिक्टोरियाचा रुपया कायदेशीर चलन राहिला नाहीं, तेव्हां तर त्याला मूस हाच मार्ग उरला. खामगांवची चांदी तिच्या शुद्धतेसाठीं प्रसिद्ध आहे. पण त्या चांदींत किती ठिपके विरून गेले याची मोजदाद कोणी ठेविली नाहीं.

जमिनींत सांपडलेलें द्रव्य दहा रुपयांहून अधिक मोलाचें असल्यास १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें. पुष्कळ जण शिक्षेच्या भीतीनें तें गाडगें रातोरात वांटून टाकतात. अशा वेळीं शंभरांतील नव्याण्णव रुपये बिनठिपक्यांचे वा एका ठिपक्याचे असून शंभरावा अनेक ठिपक्यांचा असेल, तर ती ठेव त्या शंभराव्याच्या वर्षाआधीं पुरलेली असूं शकत नाहीं. तोच एक रुपया भलत्या हातीं गेला, तर उरलेले नव्याण्णव त्या घराला दहा वर्षें मागें नेऊन ठेवतात.