सोलापुरी चादरीची कुळकथा

सोलापुरी चादर म्हणजे जाड सुती धाग्याची, दुपदरी विणीची पांघरायची चादर. तिच्यावरचे मोर, फुले, वेल आणि चौकडी विणीतच उमटतात. वरून छापलेले किंवा सुईने भरलेले त्यात काही नसते. चादर उलटवली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल करून समोर येते. सुलट बाजूला तांबड्यावर पांढरे फूल असेल, तर पाठीमागे पांढऱ्यावर तांबडे फूल दिसते. कारण ही चादर विणताना दोन रंगांचे दोन थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीची कड आली की वरचा थर खाली व खालचा वर जातो. या अदलाबदलीनेच दोन थर एकमेकांत अडकून राहतात. थरांमध्ये थोडी हवा कोंडली जाते, त्यामुळे थंडीत ऊब मिळते आणि कापड सुती असल्याने उन्हाळ्यातही नकोसे होत नाही.

‘चादर’ हा शब्द फारसीतून आला. त्याआधीही मराठी मुलखात पांघरुणांना तोटा नव्हता. धनगरांनी विणलेली घोंगडी होती, जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ होती, सुताचे दोन पाट जोडून केलेली पासोडी होती. सोलापुरात चादर विणणाऱ्यांची घरची भाषा मात्र बहुतेक तेलुगू. तेलुगूत पांघरुणाला ‘दुप्पटि’ म्हणतात. मराठीत बाळाला गुंडाळायचे दुपटे तेही याच कुळातले: दोन पदरांचे वस्त्र. दुपदरी चादरीला हे नाव अगदी नेमके बसते, पण बाजारात रुजले ते ‘चादर’.

हे विणकर पद्मशाली समाजाचे. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा अशा तेलंगणातल्या भागांतून ते सोलापुरात आले. तेलंगण तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि सोलापूर 1818 नंतर इंग्रजांकडे. शहराच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर निजामाची हद्द लागे. तुळजापूर आणि नळदुर्ग दोन्ही हद्दीपलीकडे होती. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबादवरच्या कारवाईत भारतीय फौजेचा मुख्य काफिला याच सोलापुरातून नळदुर्गच्या दिशेने निघाला, यावरून शहराचे सीमेवरचे स्थान ध्यानात येते. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषांचे मुलूख इथे एकमेकांना भिडतात. अशा गावात परक्याला पाय ठेवायला जागा मिळते.

येणाऱ्यांना ओढणारी गोष्ट म्हणजे सूत. 1860 च्या सुमारास मुंबईकडून येणारी रेल्वे सोलापूरला पोचली. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. गावाने तिला पुढे ‘जुनी मिल’ म्हटले. नंतर नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जामश्री अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांमुळे हातमाग मेला, असे सरसकट सांगितले जाते, पण सोलापूरच्या बाबतीत ते खरे नाही. गिरणीचे सूत दारात मिळू लागल्याने हातमागांची संख्या इथे उलट वाढत गेली. 1876 ते 1878 च्या दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले होते. पोटासाठी गाव सोडणाऱ्या विणकराला सोलापुरात सूत, माग आणि गिऱ्हाईक ही तिन्ही एकाच जागी सापडत.

आलेला विणकर बहुधा आधीच आलेल्या जातभाईच्या कारखान्यात उतरे. सोलापुरात ‘कारखाना’ म्हणजे एका छपराखाली मांडलेले माग आणि ‘कारखानदार’ म्हणजे त्यांचा मालक. तो सूत विकत घेई, रंगवून आणी, मागांवर चढवी आणि तयार माल बाजारात विकी. तो विणकरही असे आणि व्यापारीही. कामगार कित्येकदा मागाशेजारीच झोपे. लग्नाला, आजारपणाला, गावी जायला तो मालकाकडून उचल घेई आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाणे अवघड होऊन बसे. रा. गो. काकडे यांनी सोलापूरच्या विणकर समाजांची केलेली पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1947 मध्ये प्रसिद्ध केली. कारखान्यांतली ही माणसे अभ्यासाचा विषय झाली, यातच या धंद्याचा पसारा दिसतो. घरच्या बायका कांड्या भरत. त्याच घरांत पुढे विडी वळण्याचे कामही आले आणि अनेक कुटुंबांचे निम्मे पोट त्यावर चालले.

या मागांवर आधी मुख्यतः लुगडी निघत. चादरीला जन्म देणारे यंत्र फार दूरवरून आले. फ्रान्समधल्या लियों शहरात रेशमी कापडावर नक्षी काढायची तर विणकराबरोबर एक पोरगा लागे. विणकर सांगेल त्या दोऱ्या त्याने ओढायच्या, म्हणजे नेमके तेवढेच उभे धागे उचलले जात. बनारसलाही दोऱ्यांच्या जाळ्याने नक्षी बांधण्याची रीत होती. लियोंच्याच जोसेफ मारी जाकार या विणकराच्या पोराने, बूशों, फाल्कन आणि वोकांसों यांच्या आधीच्या प्रयोगांवर उभे राहून, 1804 मध्ये त्या पोऱ्याचे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवले. सोलापूरच्या मागावर हेच यंत्र ‘जेकॉर्ड’ झाले.

त्याची चाल अशी. पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरते. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक पुठ्ठा. पुठ्ठा सुयांच्या रांगेवर दाबला जातो. जिथे भोक असेल तिथली सुई आत शिरते, तिचा हुक जागेवर राहतो आणि वर जाणारी पट्टी त्याला उचलते. हुकाला बांधलेला उभा धागा त्याच्याबरोबर वर येतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि हुक पट्टीच्या तावडीतून सुटतो. उचललेल्या धाग्यांखालून धोटा जातो आणि नक्षीची एक ओळ पुरी होते. मग माळ एक पुठ्ठा पुढे सरकते. मोराच्या पिसाऱ्याला दोन हजार ओळी लागत असतील, तर दोन हजार पुठ्ठे हवेत. 1839 मध्ये लियोंत खुद्द जाकारचे चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे 24,000 पुठ्ठे लागले होते. चादरीची खरी कारागिरी म्हणूनच माग सुरू होण्याआधी होते. नक्षीचा कागद चौकोनांत आखून कुठल्या ओळीत कुठले भोक, हे ठरवणारा माणूस चुकला, तर ती चूक प्रत्येक चादरीत उमटत राहते.

स्वातंत्र्यानंतर हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. नऊवारीची मागणी घटत गेली. कारखानदारांनी तेच सूत, तेच माग आणि डोक्यावरचे जेकॉर्ड चादरीकडे वळवले. रुखवतात, आहेरात आणि प्रवाशांच्या वळकटीत ती पोचली. टर्किश टॉवेल हा तिचाच धाकटा भाऊ आणि आता कित्येक कारखान्यांत त्याचेच काम जास्त. 2005 मध्ये ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले ते पहिले मानांकन. त्याची गरज होतीच, कारण सोलापूरचे नाव लावून दुसरीकडची चादर विकणे जुने दुखणे आहे. स्वस्त पॉलिस्टरच्या ब्लँकेटांनी त्यात भर टाकली.

पुष्कळ चादरींच्या काठात कारखान्याचे नाव विणलेले असते. त्या अक्षरांसाठीही पुठ्ठ्यांना भोके पाडावी लागतात. सुलट बाजूने नाव नीट वाचता येते. चादर उलटली की तीच अक्षरे दुसऱ्या रंगात आणि आरशातल्यासारखी उलटी दिसतात.