गिंडी ते कुलाबा : यंत्रातील दोषाचा शोध

मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नईतील गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४७ साली दूरसंचाराची पदवी घेतलेले रंगस्वामी नरसिंहन अमेरिकेतील उच्च शिक्षणानंतर १९५४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली मोजक्या तरुणांनी भारतात घडवलेला संगणक १९६० मध्ये विधिवत कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले : टिफ्रॅक.

या यंत्रात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. घरच्या रेडिओतील चार-पाच व्हॉल्व्हपैकी एक गेला की गाणे थांबे. येथे हजारोंपैकी एकच क्षीण झाला, तर यंत्र चालूच राही आणि उत्तर मात्र चुकीचे देई. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा आत्मविश्वासाने चुकणारे यंत्र अधिक घातक, हे त्या काळच्या अभियंत्यांनी लवकर ओळखले.

म्हणून व्हॉल्व्हच्या संगणकांना आधी उत्तर ठाऊक असलेले गणित घालण्याची रीत पडली. शिक्षकांना ती परकी वाटू नये. उत्तर कोणत्या अंकात चुकले त्यावरून कोणता मंडलभाग तपासायचा ते ठरे, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर स्पंदांचा आकार पाहत त्या भागातील नेमका घटक गाठला जाई. अमेरिकेतील एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकावर याहून धूर्त युक्ती योजली गेली होती. विद्युतदाब मुद्दाम थोडा कमी-अधिक करायचा. उद्यापरवा दगा देणारा व्हॉल्व्ह आजच उघडा पडे. खरा छळ होता तो कच्च्या डाखाचा. यंत्र तापले की तो सांधा सुटे, निवले की जुळे, आणि तपासायला बसावे तर सारे सुरळीत!

टिफ्रॅकचा नकाशा बाहेरून आलेला नव्हता, तो त्याच गटाने आखला होता. दोष शोधताना हेच त्यांचे सर्वांत मोठे बळ ठरले असणार. १९६४ मध्ये संस्थेत ट्रान्झिस्टरवर चालणारा आयात केलेला सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचे दिवस सरले. पुढे १९७३ मध्ये मद्रासच्या आयआयटीत पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने आयबीएम ३७०/१५५ बसला. तोवर मंडले कार्डांवर आली होती. सदोष कार्ड काढून दुसरे बसवले की काम सुरू होई, आणि त्या कार्डातील कोणता घटक बिघडला, हे जागेवर कोणी विचारीत नसे.