डॅफ्नियाच्या अंगातला स्फुरद

गोड्या पाण्यातल्या डॅफ्नियाच्या सुक्या वजनात सुमारे दीड टक्का स्फुरद असतो. बऱ्याच कोपेपॉडांमध्ये तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरतो. दोघेही प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे चिमुकले प्राणी; दोघांचेही खाद्य बहुतांशी शैवाल. तरी एवढा फरक का, हा प्रश्न विचारला जायला विसावे शतक संपत यावे लागले.

खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश वाचणाऱ्या शेतकऱ्याला जे ठाऊक असते, ते तळ्यांच्या अभ्यासकांना वनस्पतींपुरते मान्य होते. ज्या घटकाची टंचाई, त्यावर पीक अडते, हा लीबिगचा नियम १९व्या शतकातला. कॅनडातल्या ऑन्टारियोत १९७३ साली २२६ क्रमांकाच्या तळ्यात मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले गेले. दोन्हीकडे कर्ब आणि नत्र घातले, स्फुरद मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. प्राण्यांचा हिशेब मात्र वेगळाच चाले. रेमंड लिंडमन यांच्या १९४२च्या निबंधापासून अन्न म्हणजे ऊर्जा, असेच गणित रूढ झाले होते. खाल्ले किती, एवढेच मोजले जाई. खाल्ले त्यात काय होते, हे क्वचितच.

नॉर्वेचे टॉम अँडरसन आणि डाग हेस्सेन यांनी १९९१ साली प्राणिप्लवकांच्या अंगातले कर्ब, नत्र आणि स्फुरद मोजून मांडले. शैवालातले प्रमाण पाण्याप्रमाणे बरेच बदलते. प्रत्येक जातीच्या प्राण्यातले मात्र त्या मानाने स्थिर राहते. अडचण इथेच होती. स्फुरदाच्या टंचाईत वाढवलेले शैवाल भरपूर दिले, तरी डॅफ्निया खुरटतो, अंडीही कमी घालतो. जोतारो उराबे आणि रॉबर्ट स्टर्नर यांच्या १९९६च्या प्रयोगात तर उजेड वाढवला तसे शैवाल वाढले, पण त्यातला स्फुरद विरळ झाला आणि डॅफ्नियाची वाढ घटली. ताट भरलेले, पोषण नाही.

डॅफ्नियालाच एवढा स्फुरद का लागतो, याचे उत्तर जेम्स एल्सर आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी सुचवले. झपाट्याने वाढायचे तर प्रथिने भराभर घडवावी लागतात. त्यासाठी रायबोसोम हवेत, आणि रायबोसोमांत आरएनए भरपूर. आरएनएच्या वजनात सुमारे नऊ टक्के स्फुरद असतो. थोड्या दिवसांत पिलावळ वाढवणाऱ्या डॅफ्नियाला तो जास्त लागतो, सावकाश वाढणाऱ्या कोपेपॉडांचे कमी स्फुरदात भागते. स्टर्नर आणि एल्सर यांनी २००२ साली या साऱ्याचे पुस्तक केले.

स्फुरदाच्या टंचाईनेच डॅफ्नियाची वाढ अडते, हे सगळ्यांना पटले नव्हते. डोर्टे म्युलर-नवारा यांनी १९९५ साली तळ्यातल्या डॅफ्नियाची वाढ शैवालातल्या एका मेदाम्लाशी जुळते, असे दाखवले होते. वाद बराच रंगला. पुढे दोन्ही बाजूंना जागा मिळाली: शैवालात स्फुरदाच्या दर अणूमागे कर्बाचे अणू तीनशेच्या बरेच वर गेले, की बहुधा स्फुरदाची टंचाई वाढ रोखते, त्याखाली मेदाम्लांची उणीव जाणवू लागते.