कुपीच्या पोटातले चित्र

मराठीत एका रंगाला तपकिरीवरून नाव मिळाले आहे. तंबाखूची बारीक दळलेली पूड चिमटीत धरून नाकात ओढण्याची सवय या मुलखात इतकी मुरली होती, की त्या पुडीचा रंग हीच त्या छटेची ओळख ठरली. ज्यांनी आयुष्यात तपकीर ओढलेली नाही, तेही 'तपकिरी' म्हणतात. ही तपकीर आपल्याकडे डबीत राहिली: पितळेची, चांदीची किंवा साध्या पत्र्याची, कनवटीला किंवा बंडीच्या खिशात मावणारी डबी. चीनमध्ये मात्र याच पुडीसाठी कुपी घडली आणि त्या कुपीच्या पोटात जगातील एक विलक्षण चित्रकला जन्माला आली.

तंबाखू दख्खनेत पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. तिचा सर्वांत प्रसिद्ध लेखी उल्लेख एका लग्नाच्या निमित्ताने झालेला आहे. अकबराचा मुलगा दानियाल याच्यासाठी विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी मागण्यात आली होती. तिला आणण्याच्या कामी असद बेग हा मुघल वकील विजापुरास गेला. अहमदनगरचा किल्ला 1600 मध्येच मुघलांच्या हाती पडला होता. 1604 मध्ये ही वधू विजापुराहून अहमदनगरकडे आणली गेली आणि गोदाकाठी पैठणला विवाह झाला. तिच्या सोबतच्या मंडळींत इतिहासकार फरिश्ता होता. त्याची उमेदीची वर्षे अहमदनगरच्या निजामशाहीत गेलेली होती. असद बेगने विजापुरात ही नवी वनस्पती प्रथम पाहिली, रत्नजडित नळीसह ती बादशहाला नजर केली आणि त्या प्रसंगाची हकीकत लिहून ठेवली. हकिमाने विरोध केला, तरी बादशहाने दोनचार झुरके घेतलेच. अर्थात हा धूर होता. नाकात ओढायच्या पुडीची चाल निराळ्या वाटेने पसरली.

चीनमध्ये तंबाखू सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीवर फिलिपाइन्सकडून फूच्येनच्या किनाऱ्याला लागली. तिच्या धुरावर तिथे अधूनमधून बंदी येई. तपकिरीचे नशीब वेगळे निघाले. ती औषध म्हणून स्वीकारली गेली: सर्दीवर, डोकेदुखीवर, डोळ्यांच्या तक्रारींवर. 1684 मध्ये कांग्शी सम्राट नानजिंगला आला असता जेझुइट पाद्र्यांनी त्याच्यापुढे भेटवस्तू मांडल्या. सम्राटाने बाकी सर्व परत केले आणि तपकीर तेवढी ठेवून घेतली. पुढे 1696 मध्ये किलियान श्टुम्फ या जर्मन जेझुइटाच्या देखरेखीखाली पेकिंगच्या राजवाड्यात काचेचा कारखाना निघाला. तपकिरीची कुपी आणि दरबारी काच यांची गाठ अशी पडली.

युरोपातून तपकीर आली ती झाकणाच्या डबीसह. चिनी दमट हवेत डबीतली पूड ओलावून गोळा होई. औषधाची अरुंद तोंडाची कुपी तिथे आधीपासून होतीच. तिला बूच बसवले, बुचाच्या पोटाला हस्तिदंताची किंवा धातूची चिमुकली चमची जोडली आणि काम झाले. मुठीत मावणारी आणि अस्तनीत लपणारी ही वस्तू पाहता पाहता प्रतिष्ठेची खूण झाली. काच, स्फटिक, अकीक, जेड, चिनी माती, अंबर अशा नाना द्रव्यांच्या कुप्या घडू लागल्या. पाहुण्यापुढे कुपी करणे हा दरबारी शिष्टाचार झाला. आपल्याकडे पानाचे तबक पुढे करत, तसाच.

तोवर कुपीचे सारे सौंदर्य बाहेरून होते. आतून रंगवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आली. तिच्या जन्माची एक गोड आख्यायिका आहे. कोणा गरजूने रिकाम्या कुपीच्या भिंतीला चिकटलेली पूड काडीने खरवडली आणि त्या ओरखड्यांत दुसऱ्याला चित्र दिसले. तिला पुरावा काही नाही. सह्यांवरून जे दिसते ते इतकेच, की गान श्वानवेन हा या कलेच्या पहिल्या ज्ञात कलावंतांपैकी एक होता.

या कलेची कृती समजून घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. आधी कुपीत कुरुंदाची पूड, पाणी आणि लोखंडाच्या बारीक गोळ्या घालून ती तासन्तास हलवतात. आतली गुळगुळीत भिंत त्यामुळे दुधी, किंचित खरखरीत होते आणि रंग धरते. मग बांबूची बारीक काडी घेतात. तिचे टोक काटकोनात वळवलेले असते. तोंड वाटाण्याएवढे, त्यातून काडी आत जाते आणि वळलेले टोक चित्रकाराच्याच दिशेने येऊन भिंतीला आतून टेकते. हात एकीकडे, रेघ दुसरीकडे. चित्रकार बाहेरून काचेतून पाहत राहतो आणि बोटांची किंचित हालचाल आत रेघ होऊन उमटते.

खरी अडचण थरांची आहे. कागदावर किंवा भिंतीवर आधी पार्श्वभूमी, मग आकृती, शेवटी डोळ्यातला ठिपका. इथे क्रम नेमका उलटा. पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ काच आहे. म्हणून काचेला पहिल्याने जे लागेल तेच सर्वांत पुढे दिसणार. डोळ्यातला ठिपका आधी, बुबुळ नंतर, चेहऱ्याचा रंग त्यामागे आणि आभाळ सर्वांत शेवटी. ठिपका चुकला आणि वर रंग चढला, की तो दुरुस्त करण्याचा उपाय उरत नाही.

ही उलट रीत महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही. काचेच्या सपाट तक्त्यावर मागून चित्र काढण्याची कला अठराव्या शतकात युरोपातून चीनच्या कँटन बंदरात रुजली आणि तिथून व्यापाराच्या वाटेने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे पाहायला मिळतात. तंजावरच्या मराठी राज्यातही या कलेने मूळ धरले आणि सोनेरी वर्खाच्या देवदेवतांना काचेमागे बसवले. सपाट काचेवर मात्र कारागीर मागच्या बाजूनेच पाहत काम करतो. मूळ चित्रावर काच ठेवून तो गिरवू लागला, तर डावे-उजवे फिरते आणि योद्ध्याची तलवार डाव्या हातात जाते. कुपीचा चित्रकार बाहेरून पाहतो, म्हणून त्याची ही फसगत होत नाही. त्याच्या वाट्याला त्याऐवजी वाटाण्याएवढे तोंड येते. दोन्ही कारागिरांना थरांचा उलटा हिशेब मात्र सारखाच करावा लागतो.

आता या कलेतली विसंगती. चित्र आत, आणि तपकीरही आत. कुपी भरली की चित्र झाकोळते, आणि चमची फिरली की रंगाला ओरखडे पडतात. वापराच्या वस्तूला याहून गैरसोयीची सजावट सुचणे कठीण. काही रंगीत कुप्या वापरल्या गेल्याही असतील. पण ही कला ऐन बहरात आली ती 1880 नंतर, पेकिंगमध्ये. तोवर छिंग राजवट खिळखिळी झाली होती. पुढे सिगारेट येऊन तपकिरीचा उरलासुरला शौक मागे पडला. म्हणजे तपकीर ओसरत होती तेव्हाच तिची कुपी सर्वांत सुंदर होत होती. गिऱ्हाईक आता ओढणारे राहिले नव्हते. ते पाहणारे होते, आणि त्यांत परदेशी पुष्कळ.

त्या काळातील तीन नावे संग्राहकांच्या तोंडी असतात. झोऊ लयुआन याची ज्ञात कामे साधारण 1881 ते 1893 या अवघ्या बारा-तेरा वर्षांतली; तळहातभर कुपीत धुक्यातले डोंगर बसवण्यात त्याची बरोबरी क्वचितच झाली. मा शाओश्वान हा हुई मुसलमान घराण्यातला. छायाचित्रासारखे हुबेहूब चेहरे आणि मागल्या बाजूला मोत्यासारखे अक्षर, ही त्याची खासियत. पेकिंग ऑपेराचा थोर नट तान शिनपेई त्याने कुपीत उतरवला. हाच नट 1905 च्या त्या चित्रफितीत होता, जिला चीनचा पहिला चित्रपट मानतात. तिसरा य झोंगसान: मासे, मुले आणि कथाकादंबऱ्यांतले प्रसंग भडक, प्रसन्न रंगांत रंगवणारा.

मा शाओश्वान पेकिंगमध्ये कुप्या रंगवत होता, त्याच काळात सर रतन टाटा (1871 ते 1918) चिनी आणि जपानी कलावस्तू जमवत होते. त्यांचा आणि सर दोराबजी टाटांचा संग्रह मुंबईच्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ज्यांना छिंग काळातील कारागिरीची चव घ्यायची आहे, त्यांनी तिथली पौर्वात्य दालने सावकाश पाहावीत. कुप्यांच्या संग्राहकांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था अमेरिकेत बाल्टिमोर येथे 1968 मध्ये स्थापन झाली.

या संग्राहकांची डोकेदुखी मराठी माणसाला चटकन समजेल. कुपीवर बहुधा सही आणि साल असते. पण साल साठ वर्षांच्या चक्रातले. आपली प्रभव ते क्षय ही साठ संवत्सरे फिरून फिरून येतात, तसेच. केवळ संवत्सराचे नाव असलेल्या जुन्या कागदाचा काळ ठरवताना जी कसरत करावी लागते, तीच इथे. 1895 आणि 1955 या वर्षांचे चक्रातील नाव एकच. एक कुपी झोऊ-मा यांच्या काळातली, दुसरी साम्यवादी चीनमधली. लेख मात्र तोच. मग निर्णय रंगावर, रेघेवर आणि काचेच्या घडणीवर येतो.

सहीचा भरवसा त्याहून कमी. बनावट सह्या आहेतच. पण य झोंगसानच्या बाबतीत प्रश्न बनावटीचा नाही. त्याचे मुलगे बापाच्या हाताखाली शिकले, बापाबरोबर रंगवू लागले आणि आपल्या कामावर बापाचेच नाव घालत राहिले. घराण्याची पेढी एक, म्हणून सही एक. एकाच नावामागे किती हात आहेत हे ओळखण्यात तज्ज्ञांची हयात जाते. लिलावात मात्र भाव त्या एका नावाला येतो.

ही विद्या घराबाहेर द्यायची नाही असा य घराण्याचा दंडक होता. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तो मोडला. घराण्यातील दोन भावांनी पेकिंगमध्ये वांग शीसान या परक्या तरुणाला शिष्य केले. वांगने पुढे हबेई प्रांतातल्या आपल्या मुलखात जाऊन ही कला गावकऱ्यांना शिकवली, आणि काडीच्या जागी वळत्या मानेची, केसांची लेखणी रूढ केली. त्या मुलखातली हंगश्वेईची कुपी-चित्रकला 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत दाखल झाली. तिथे आजही कुप्या रंगवल्या जातात. बूच असते, बुचाला चमचीही असते. तपकीर कोणी भरत नाही.